'नाही' म्हणणाऱ्याला काय मिळतं?

ख्रिस्ती माणूस खेड्यात विकासाचं काम करायला गेला की वाद एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: हा सेवा करायला आलाय की बाटवायला? टीव्हीवरच्या चर्चेत एक बाजू ठणकावून सांगते की औषधाच्या पिशवीत बायबल असतंच. दुसरी बाजू, आणि तिच्यात आमचेच बरेच जण असतात, घाईघाईने म्हणते की आमच्या श्रद्धेचा आणि कामाचा काडीचाही संबंध नाही, आम्ही फक्त समाजसेवक. मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आमच्या तोंडी अजून नगरच असलेल्या भागातल्या, एका ग्रामीण विकास संस्थेत सध्या इंटर्न म्हणून काम करते. आणि मी ख्रिस्ती आहे. मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. पहिली बाजू दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलंय असं गृहीत धरते, आणि दुसरी स्वतःच्या मनातलं दडवते. मी या कामात आले ते येशूमुळे. हे लपवून मी गावात शिरले तर पहिलं खोटं मीच बोललेली असेन.

कार्यकर्त्याच्या मनात देव आहे की नाही आणि असला तर कुठला, याची चौकशी करून हाती काही लागत नाही. विचारायचं ते एवढंच, की ज्याला मदत मिळते आहे त्याने त्या देवाला नाही म्हटलं तर त्याचं काय जातं? उपचार, वसतिगृहातली मुलीची जागा, बचत गटाचं कर्ज, विहिरीवरची पाळी, यांतलं काहीही जाणार असेल, किंवा जाईल अशी नुसती धास्ती असेल, तर ती सेवा नासलेली आहे. काहीच जाणार नसेल तर कार्यकर्त्याच्या गळ्यात क्रूस आहे की तुळशीची माळ, याने कोणाचं काय बिघडतं?

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. उपाशी माणसाच्या होकाराला पुरता होकार म्हणता येत नाही. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि त्यात धान्याचा, मजुरीचा, मिशनच्या आसऱ्याचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळात पोरकी झालेली लेकरं मिशनच्या अनाथालयात वाढली ती ख्रिस्ती म्हणूनच वाढली. त्यांना कोणी विचारलं होतं? माझं घराणं याच मुलखातलं. आमचा पूर्वज नेमका कशासाठी ख्रिस्ती झाला हे सांगणारं आज घरात कोणी उरलेलं नाही. भूक असेल. महारवाड्याबाहेरच्या रस्त्यावर सावली पडू नये म्हणून अंग चोरून चालण्याचा वीट आला असेल. मिशनच्या शाळेत पोराला फळ्यासमोर बसू देतात हेही कानावर आलं असेल. आणि खरोखर विश्वासही बसला असेल. यांतलं एकच कारण निवडून बाकीची खोटी ठरवायचा अधिकार मला नाही, आणि टीव्हीवर बोलणाऱ्यांना तर नाहीच नाही.

हा वाद महाराष्ट्रात नीट लढला गेला तो १८९३ साली पुण्यात. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन हे विधवांसाठीचं निवासी विद्यालय काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. धर्माचं शिक्षण देणार नाही, या शब्दावर लोकांनी आपल्या विधवा मुली तिथे ठेवल्या होत्या. पुढे बोभाटा झाला की मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात. 'केसरी'ने झोड उठवली हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याहून जड गोष्ट अशी, की न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सहानुभूती असलेले लोकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कोणावर सक्ती केलेली नाही. मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, माझं दार उघडं असतं, यायचं त्याने यावं. त्या खोटं बोलत नव्हत्या. तरीही रानड्यांची अस्वस्थता मला खरी वाटते. घरच्यांनी टाकलेल्या, केशवपनाच्या भीतीतून सुटलेल्या पोरीला जिने छप्पर दिलं, ती बाई रोज सकाळी ज्या खोलीत बसते तिकडे पाय आपोआप वळतात. तिथे बोलवावं लागत नाही.

पण त्याच सदनाची आणखी एक हकीकत आहे, आणि या वादात ती कोणी पुढे आणत नाही. तिथल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. त्या काही वर्षं रमाबाईंच्या छायेत राहिल्या, शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला, आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. म्हणजे ज्या संस्थेवर बाटवण्याचा आरोप झाला, त्याच संस्थेत एका मुलीने रमाबाईंच्या देवाला नाही म्हटलं आणि तिचं अन्न, शिक्षण, मायेचा आधार यांतलं काही गेलं नाही. सगळ्याच मुलींना तेवढी मोकळीक वाटली असेल का? मी तसं म्हणणार नाही. पण शारदा सदनाचा न्याय करायचाच तर किती जणी प्रार्थनेला बसल्या हे मोजून होणार नाही. ज्या बसल्या नाहीत त्यांचं पुढे काय झालं, हे पाहावं लागेल.

जोतिराव फुले तर याहून लख्ख उदाहरण आहेत. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा कशी चालते ते त्यांनी पाहिलं नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये, मिस फरार यांच्याकडे. मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी मोकळेपणी मानले, बाप्तिस्मा मात्र घेतला नाही, आणि १८७३ मध्ये स्वतःच्या वाटेने सत्यशोधक समाज उभा केला. मिशनची शाळा हे निव्वळ आमिष असतं तर फुले तिथून शिकून सत्यशोधक म्हणून बाहेर पडूच शकले नसते.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कायद्याकडे गेला आणि तिथे तो आणखी वाकडा झाला. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला जुन्या मध्य प्रदेशाच्या सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला; तेव्हा विदर्भही त्याच राज्यात होता. शाळा, दवाखाने आणि कर्ज यांच्या आडून दबाव येतो, अशा तक्रारी त्यात आहेत. त्या सगळ्या बनावट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यानंतर ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर बंधनं घालणारे कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. इथवर समजण्यासारखं आहे. पण कायद्याची नजर हळूहळू कोणावर स्थिरावली ते पाहा. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्या माणसाने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. म्हणजे ज्याच्या दुबळेपणाची काळजी म्हणून कायदा आला, त्यालाच कचेरीच्या दारात उभं राहून मनाचा खुलासा करायचा. मदत वाटणाऱ्या संस्थेला मात्र कोणी विचारत नाही की तुमची लाभार्थ्यांची यादी कोण ठरवतं, ती कुठे वाचली जाते, आणि नाकारलेल्या माणसाने दाद कोणाकडे मागायची. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याचं जाहीर केलं आणि १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. त्या दिवशी दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या लाखोंना असा अर्ज भरायला लावला असता, तर तो आपण अपमान मानला असता की संरक्षण?

आमिषाबद्दल आणखी एक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मोजके शीख गट सोडले तर फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये सगळ्या दलित शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती माणसाला तो आजही नाही. बाप्तिस्मा घेतला की राखीव जागा जाते, शिष्यवृत्ती जाते, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कवचही जातं. नाही म्हणणाऱ्याचं काय जातं हा प्रश्न मिशनला विचारायचा तर शासनालाही विचारा. आपल्या देशात ख्रिस्ती व्हायचं म्हटलं तर गरिबाचं जातं, आणि ते शासनाच्याच हातून.

दुसरा विरोध माझ्या कॉलेजातून येतो, आणि तो जास्त सभ्य आहे. विकासाचं काम तटस्थ असावं, श्रद्धा घरी ठेवून या, असं आम्हाला शिकवतात. यातलं अर्धं मला मनापासून मान्य आहे. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी जी आचारसंहिता केली, तिच्यात मदतीचा वापर राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करायचा नाही असं स्पष्ट कलम आहे. आणि ती मांडणाऱ्यांत कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्था होत्या. पण मदतीला अट नको हे एक, आणि मदत करणाऱ्याला श्रद्धाच नको हे वेगळं. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तेव्हा पांडुरंगाला बाजूला ठेवून उपोषणाला बसा असं त्यांना कोणी सांगू शकलं असतं का? गाडगेबाबांच्या हातचा खराटा ठेवून कीर्तन काढून घेतलं तर मागे उरतील ते गाडगेबाबा असतील का? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली, बिल्डर आणि गुंड यांच्यासमोर उभे राहिले, ते धर्मगुरूचा झगा उतरवून नव्हे. वाचवायच्या त्या विहिरी आणि वाड्या सगळ्याच धर्मांच्या लोकांच्या होत्या. २०२० मध्ये ते धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा 'फादर कशाला?' म्हणून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांपैकी कोणी विचारलं का, की वसईतल्या एखाद्या हिंदू शेतकऱ्याची विहीर त्यांनी वाऱ्यावर सोडली होती का?

आणि तटस्थ म्हणवणारा विकास खरोखर तटस्थ असतो का? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. शिक्षकांना नसबंदीसाठी माणसं आणायचं उद्दिष्ट दिलं होतं, ते पुरं झालं नाही की पगार अडायचा. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक देशात मंजूर केलं ते आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने; राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या मोहिमेत कुठला देव नव्हता की धर्मग्रंथ नव्हता. होता तो लोकसंख्येच्या आकड्यांवरचा गाढ विश्वास, आणि नाही म्हणणाऱ्याला जागा नव्हती. सत्ता आणि खात्री एकाच हातात आली की काय होतं ते कळायला मिशनरीच लागतो असं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर मी शेळीपालनाच्या योजनेसाठी घरोघर माहिती भरत होते. एका घरात दीड वर्षाचं पोर जुलाबांनी निपचित पडलेलं. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसत होती. आजीने विचारलं, "ताई, तुम्ही किरिस्ताव ना? मंग पोराच्या डोक्यावर हात ठिवून प्रार्थना करा की." मी उकळून गार केलेलं पाणी मागितलं, लिटरभर मोजलं, ओआरएसची पुडी कालवली आणि आशाताईला फोन लावला. तासाभरात १०८ ची गाडी आली. गाडी येईपर्यंत आजीने पोराला चमच्याने पाजलं. मी मनात प्रार्थना करत होते, पण डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्या मांडीवर योजनेचा फॉर्म होता, त्यावर तिच्या सुनेचं नाव अर्धवट लिहून झालं होतं. तो फॉर्म हातात असताना मी मोठ्याने केलेली प्रार्थना त्या घराला कशी नाकारता आली असती? पुढे यादी ग्रामसभेत वाचली गेली. त्यांचं नाव बसलं नाही, कारण त्यांच्याहून अडचणीतली घरं होती. पोर बरं होऊन घरी आलं होतं. त्यानंतर मी सहज त्या बाजूला गेले तर आजीने पुन्हा तेच सांगितलं. आता माझ्याकडून तिला मिळण्यासारखं काहीच नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मी अंगणात बसून पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. तिने देव्हाऱ्यातला अंगारा त्याला लावला. आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, काही वडीलधारे याच्या बरोबर उलट टोकाला आहेत. ते मला विचारतात, "गटारं आणि शेळ्या करून काय मिळवणार, बाळ? सुवार्ता कधी सांगणार?" त्यांची तळमळ मला कळते, म्हणून उत्तर पवित्र शास्त्रातूनच द्यावंसं वाटतं. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परततो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. पण त्या नऊ जणांच्या अंगावर कुष्ठ परत उमटत नाही. त्यांनी पाठ फिरवली म्हणून त्यांचं बरं होणं रद्द झालं नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक येशूला समुद्रापलीकडे शोधत येतात, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्यामागे आलात. भाकरीसाठी आलेल्यांची गणती शिष्यांत करायला तो तयार नव्हता. मग आम्ही कोण?

आणि हे सगळं हवेतलं नाही याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी गावोगावच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांत दलित बाया पुष्कळ होत्या, आणि निवड गाव करायचं. प्रसूती कशी करायची, पोराचं वजन कसं मांडायचं, जुलाब कसे आवरायचे हे त्यांना शिकवलं. प्रशिक्षणाला सगळ्या जातींच्या बाया एकत्र राहत, एकत्र जेवत. बोअर घ्यायची तर दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्यांना तिथे यावंच लागलं. १९७१ ला त्या भागात हजारी १७६ बालमृत्यू होते. पुढच्या पंचवीस वर्षांत ते तीसच्या खाली आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्याच्या प्रयोगांवर जे पुस्तक काढलं त्यात जामखेड होतं, आणि प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेमागच्या विचाराला अशाच प्रयोगांचं बळ होतं. मला यातली मोलाची गोष्ट अशी वाटते, की डॉक्टरकडचं ज्ञान, म्हणजे खेड्यातली सगळ्यात मोठी सत्ता, त्यांनी दुसऱ्याच्या हातात देऊन टाकली. ज्या बाईला स्वतःला बाळंतपण सोडवता येतं तिला डॉक्टरच्या देवाची मर्जी सांभाळावी लागत नाही. आरोळ्यांची श्रद्धा त्या कामात जागोजागी होती. नव्हता तो तिच्या जोरावर कोणाला बांधून ठेवण्याचा मोह.

जामखेडसारखं मन सगळ्या संस्थांकडे नसतं, म्हणून नियम लागतात. आमच्या संस्थेत मी काही गोष्टी लेखी मांडल्या आहेत. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत ठरावी आणि तिथेच मोठ्याने वाचली जावी. ज्या कार्यकर्त्याचा यादीत हात आहे त्याने त्या गावात प्रार्थनासभा घेऊ नये, आणि वाटपाच्या दिवशी, वाटपाच्या जागी कोणीच घेऊ नये. तक्रारीसाठी फलकावर जो नंबर असेल तो संस्थेबाहेरच्या माणसाचा असावा. आणि चौथं: दरवर्षी कोणा त्रयस्थाने अशी घरं शोधून काढावीत जी आमच्या प्रार्थनेला येत नाहीत, आमच्याशी वाद घालतात, आमच्यावर टीका करतात, आणि त्यांना इतरांइतकं मिळालं की नाही हे तपासून ते गावासमोर मांडावं. संस्थेतल्या ज्येष्ठांचा आक्षेप आहे की असं केलं तर आपणच गुन्हा कबूल केल्यासारखं दिसेल, आणि विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. मिळू दे. उलट, हीच तपासणी देवस्थानांच्या रुग्णालयांना, आश्रमशाळांना, निवडणुकीच्या तोंडावर किराणा वाटणाऱ्या पुढाऱ्यांना आणि कंपन्यांच्या सीएसआरला, म्हणजे त्यांच्या समाजकार्यावरच्या खर्चाला, लागू करा असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार, जर आधी स्वतःची वही उघडली नाही? विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. पहिली तीन कलमं थोड्याफार फरकाने मंजूर होतील. चौथं गाळा असा आग्रह होईल, आणि माझं म्हणणं असं आहे की बाकीची तीन गाळली तरी चालतील, ते ठेवा.